छाती न उघडता

[दृश्य : निपाणी. तंबाखूची वखार, उंबऱ्यात बिड्या वळणाऱ्या बायका.]

खोकल्यातून रक्त पडलं, तर इथं अजूनही ‘उष्णता झाली असेल’ म्हणून दोन दिवस काढतात. काढू नका. चमचाभर रक्तानंतर वाटीभर कधी येईल, सांगता येत नाही.

बऱ्याचदा मागे जुना टीबी असतो. औषधांनी जंतू मरतात, पण फुफ्फुसात पोकळी राहते आणि तिच्याभोवती श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगतात. एरवी फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तातला जेमतेम १ टक्का त्यांच्यातून वाहतो. पण त्या महाधमनीतून निघतात, दाब मोठा. एखादी फुटली की श्वासनलिका रक्तानं भरते. माणूस बहुधा गुदमरून दगावतो.

[दृश्य : कॅथलॅब, म्हणजे एक्स-रेवर बघत धमनीतून उपचार करायची खोली. पडद्यावर धमन्यांचं जाळं.]

रुग्णाला कोल्हापूरला नेतात, नाहीतर बेळगावला. जांघ बधिर करून धमनीत सुई, सुईतून तार, तारेवरून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी. ही वाट स्वीडनच्या डॉ. सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये दाखवली. तिनं जाऊन, फुगलेली धमनी आतून बुजवून फुफ्फुसातलं रक्त थांबवायचं काम फ्रान्समध्ये डॉ. रेमी यांनी १९७० च्या दशकात सुरू केलं.

आता खरा प्रश्न : आत सोडायचं काय?

इथं मुख्यतः वापरतात ते पीव्हीए या प्लास्टिकचे कण. ३०० ते ५०० मायक्रॉन, बारीक रव्याएवढे. ते एक्स-रेवर दिसणाऱ्या रंगद्रव्यात मिसळून हळूहळू सोडतात. याहून बारीक कण पार पलीकडे जाऊन चांगली ऊतीही मारू शकतात. आणखी एक धोका आहे. काहींच्या मज्जारज्जूची धमनी याच फांदीवरून निघते. तिच्यात कण गेले तर पाय लुळे पडतात. म्हणून आधी रंगद्रव्य सोडून ती शोधायची, आणि मिलिमीटरहून बारीक मायक्रोकॅथेटर तिच्या पुढे नेऊनच कण सोडायचे. या कामातली सगळ्यात जोखमीची मिनिटं हीच.

जिलेटिनचा स्पंज काही आठवड्यांत विरघळतो, धमनी पुन्हा उघडते. गोंद क्षणात गोठतो, त्याला सराईत हात लागतो.

आणि प्लॅटिनमची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं? मेंदूतल्या धमनीच्या फुग्यासाठी ती उत्तम. इथं मात्र ती धमनीच्या तोंडाशीच बसते. बरगड्यांकडच्या धमन्यांतून रक्त मागून येतच राहतं आणि डॉक्टरांची वाट तेवढी बंद होते.

रक्त थांबलं तरी आजार उरतो, टीबी चालू असेल तर गोळ्याही पूर्ण घ्याव्या लागतात. काहींना महिन्यांनी पुन्हा रक्त पडतं. कणांनी बंद केलेल्या धमनीचं तोंड मोकळं असतं, त्यामुळे तेव्हा परत तिथूनच आत जाता येतं.