खोडदची चाळण

(दृश्य: सकाळ. द्राक्षबागा. बागांच्या वर दिसणाऱ्या डिश.)

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव. मध्येच मांडवाच्या वर ही अशी एक डिश डोकं काढते. व्यास 45 मीटर. अशा एकूण 30. चौदा जवळजवळ दाटीनं उभ्या, बाकीच्या 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना पांगलेल्या, सगळा पसारा 25 किलोमीटरचा. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, जीएमआरटी. इथल्या लोकांच्या तोंडी मात्र नुसतीच दुर्बीण.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ही दुर्बीण सगळ्यांसाठी खुली असते. रांगेतली ही मुलं बघा. अजून फाटक ओलांडायचं आहे, पण माना आधीच वर झाल्यात.

आपण जरा तीन आठवडे मागे जाऊ.

(दृश्य: पुणे. विद्यापीठाचं आवार. एका खोलीत फळा, चार-पाच संशोधक.)

पुणे विद्यापीठाच्या आवारात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. फळ्यापुढे उभी असलेली ही मुलगी पीएचडी करते. स्पंदक, म्हणजे पल्सार, हा तिचा विषय. मेलेल्या ताऱ्याचा गाभा स्वतःभोवती गरगर फिरतो, आणि दीपगृहाचा झोत फिरावा तसे त्याचे रेडिओ तरंग ठरावीक वेळानं आपल्यावरून जातात. मूळची ती बंगालची. मराठी बाजारहाटापुरती येते. विज्ञान दिनी खोडदला तिला ही दुर्बीण लोकांना मराठीत समजावून सांगायची आहे. तिच्यापुढे कोण येणार? सातवीतली मुलं, त्यांचे शिक्षक, बागाईतदार, बचतगटाच्या बायका.

समोर खुर्चीत बसलेले सर विज्ञानप्रसाराचं काम बघतात. ते तिला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारताहेत: "डिशला एवढी भोकं का? पाऊस आत येत नाही का?"

लोक हेच विचारतात. डिश जाळीची आहे हे लांबून कळत नाही, जवळ गेलं की कळतं. स्टीलच्या बारीक तारेची जाळी, एक ते दोन सेंटिमीटरची घरं. जाळी असल्यामुळे वारा आरपार जातो, एवढा मोठा सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च वाचतो. पण मग आकाशातून आलेले तरंगही आरपार जायला हवेत ना?

ती इंग्रजीत झरझर उत्तर देते. सर म्हणतात, "आता मराठीत."

(दृश्य: फळ्यावर शब्द लिहिले जातात, पुसले जातात.)

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. 'तरंगलांबी' लिहिलं, पुसलं. 'परावर्तन' लिहिलं, पुसलं. मग सरांनी स्वयंपाकघरातली चाळण आणली आणि वरून शेंगदाणे ओतले. एकही खाली पडला नाही. ती हसली. तिच्याकडेही चाळणीला 'चालुनी'च म्हणतात.

पण लगेच तिनं हरकत घेतली: तरंग म्हणजे दाणा नव्हे, हे चुकीचं सांगणं होईल. अर्धा तास यावर वाद झाला. तो पूर्ण दाखवणं शक्य नाही, पण तो झाला हे फार महत्त्वाचं आहे. सोपं करायचं, पण खोटं बोलायचं नाही, ही ओढाताण संशोधकाला एकट्याला झेपत नाही. शेवटी ठरलं ते असं. चाळण दाखवायची. मग हातभर दोरी घेऊन लाट करून दाखवायची आणि सांगायचं: ही दुर्बीण ज्या लाटा पकडते, त्या वीतभरापासून पुरुषभर लांब असतात. एवढ्या लांब लाटेला दोन सेंटिमीटरचं भोक भोक वाटतच नाही. तिच्या लेखी ती सपाट भिंत.

(दृश्य: वहीचं पान, अगदी जवळून.)

ही तिची वही. मराठी वाक्यं, बंगाली लिपीत. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या संध्याकाळी, ती हे पाठ करत बसली होती.

नारळीकर सर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डवर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर पाठवीन. ती हातोटी सगळ्यांकडे उपजत नसते. ती शिकवता येते, आणि शिकवायला माणूस, खोली आणि वेळ लागतो. 2022 मध्ये केंद्र सरकारनं वैज्ञानिक सामाजिक जबाबदारीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात संशोधकांनी वर्षाला किमान 10 दिवस अशा कामाला द्यावेत असं म्हटलं आहे. त्या दहा दिवसांमागच्या तयारीचे दिवस प्रत्येक विद्यापीठानं धरायला हवेत.

(दृश्य: खोडद. मंडप, गर्दी. फोन बंद करण्याची सूचना. मुलं फोन बंद करताना.)

फोन बंद. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात की जवळचा एक मोबाइलही त्यांना झाकून टाकतो. याच दुर्बिणीनं वर्षानुवर्षं घेतलेल्या स्पंदकांच्या नोंदी 2023 मध्ये गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे खुद्द अवकाशालाच येणाऱ्या हेलकाव्यांच्या, शोधात उपयोगी पडल्या.

चाळण बाहेर आली. शेंगदाणे. दोरी. पहिल्यांदा ती अडखळली, दुसऱ्यांदा कमी. अकरा वाजेपर्यंत तिनं वही मिटून खिशात ठेवली होती.

(दृश्य: टेबलावर जाळीचा तुकडा. त्यावर एक राठ बोट.)

हे काका बागाईतदार. त्यांनी जाळीवर बोट टेकवून दाबून पाहिलं, मग वर डिशकडे पाहिलं. पोलादी तारांच्या दोरांवर ताणून बसवलेली जाळी ही या डिशची खासियत. मांडवाच्या तारा आयुष्यभर ओढलेल्या माणसाला ती सांगावी लागली नाही. त्यांनी विचारलं:

"ताई, आमच्या मांडवाची तार दोन वर्षांत ढिली पडते. ही पडली तर ओढतं कोण?"

तिला माहीत नव्हतं. तिनं तसं सांगितलं, "काका, दोन मिनिटं थांबा," म्हणाली, आणि गर्दीतून वाट काढत गेली. परत आली ती देखभाल विभागातल्या एका तंत्रज्ञाला घेऊन.

(दृश्य: तिघं डिशच्या पायथ्याशी. तंत्रज्ञ वर बोट दाखवून काही सांगतो आहे. काका विचारताहेत. तिनं वही पुन्हा बाहेर काढली आहे.)