आधी पेनड्राइव्ह, मग पैसे

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘रोजच्या लिनक्ससाठी हलका लॅपटॉप : निवड आणि मांडणी’. इथल्या बहुतेकांनी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, एकदा तरी लावून पाहिलंय, त्यामुळे १९९१ साली हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्सने ते कसं सुरू केलं, त्यात मी शिरत नाही. मागे ऐकू येतंय ना? बरं.

मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. लॅपटॉप घेताना आपण रॅम विचारतो, प्रोसेसर विचारतो, आता वजनही विचारायला लागलोय. पण झाकण मिटल्यावर हे मशीन नीट झोपतं का, हे कुणी विचारत नाही. हलका लॅपटॉप आपण घेतो तो पिशवीत टाकून फिरायला. पिशवीतच त्याचं चुकत असेल, तर हलकेपणाचा उपयोग काय?

माझी भाची अनुवादाची कामं करते. तिने नवाकोरा लॅपटॉप घेतला, वजन जेमतेम सव्वा किलो, पडदा सुरेख, रॅम भरपूर. त्यावर लिनक्स लावलं, सगळं चाललं. वायफाय, आवाज, कॅमेरा, कशालाच हात लावावा लागला नाही. आठवड्याने ती सावंतवाडीला निघाली. रात्री सीएसएमटीला कोकणकन्येत बसली, ठाण्यापर्यंत काम केलं, झाकण मिटलं, लॅपटॉप बॅगेत आणि बॅग उशाला. पहाटे चिपळूणच्या आसपास तिला जाग आली ती मानेला चटका बसला म्हणून. बॅग तापली होती. चेन उघडली तर आतला कपडा कढत, बॅटरी संपलेली, आणि शेवटी लिहिलेली पानं जतन न केलेली. काम सकाळी पाठवायचं होतं.

तिने कंपनीला फोन लावला. पहिला प्रश्न, विंडोज आहे का? नाही म्हटल्यावर, मूळ सिस्टिम परत टाका, मगच तक्रार नोंदवू. दुकानात गेली तर, मॅडम, खोका उघडला, आता परत होत नाही. पोरीने साठवलेले पैसे घातले होते हो! आणि दोन्हीकडून तिला सांगण्यात आलं की दोष तुमचा, तुम्ही लिनक्स लावलंत. मला याचा आजही संताप येतो. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या यंत्रावर कोणती सिस्टिम चालवायची, हे घेणाऱ्याने ठरवायचं असतं.

आता झालं काय होतं ते पाहू, कारण ते कळलं की निम्मी निवड तिथेच होते. झोपेच्या दोन तऱ्हा आहेत. जुन्या तऱ्हेत झाकण मिटलं की रॅमला पुरेल एवढीच वीज चालू राहते, बाकी सगळं बंद. नव्या तऱ्हेत लॅपटॉपने फोनसारखं वागावं अशी अपेक्षा असते. प्रोसेसर पूर्ण बंद होत नाही, एकेक भाग आपणहून शांत व्हायचा असतो. सगळे शांत झाले तर उत्तम. पण एखादी एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी डिस्क, किंवा एखादं यूएसबी उपकरण जागं राहिलं, की प्रोसेसरला खालच्या पायरीवर उतरता येत नाही. मग बंद झाकणाखाली, वारा न लागणाऱ्या पिशवीत, तो रात्रभर तापत राहतो. २०२० नंतरच्या बऱ्याच मशिनांत जुनी तऱ्हा ठेवलेलीच नाही. त्यातली कित्येक लिनक्सवर व्यवस्थित झोपतात, काही झोपत नाहीत, आणि खोक्यावर यातलं काहीही छापलेलं नसतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘मेम स्लीप’ नावाची फाइल वाचता येते. तिच्यात ‘डीप’ हा शब्द दिसला तर जुनी तऱ्हा उपलब्ध आहे. ‘डीप’भोवती चौकटी कंस असेल, तर सध्या तीच चालू आहे.

म्हणून म्हणतो, दुकानात पेनड्राइव्ह घेऊन जा. त्यावर मिंट, म्हणजे लिनक्सची एक सोपी आवृत्ती, टाकलेलं असू द्या. त्यावरून मशीन चालू केलं की डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही, हे दुकानदाराला शांतपणे सांगा. नाही म्हणणारे भेटतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात भेटतात आणि तालुक्याच्या गावातही भेटतात. हापूसची पेटी घेताना आपण वरचा थर उचलून खालचा बघतोच ना? इथे तर हजारोंचा मामला आहे. उघडून बघू देत नसेल, तर तिथून निघायचं. पैसे आपल्या खिशात आहेत तोवरच आपल्या शब्दाला वजन असतं.

चालू झालं की वायफाय जोडा. इंटेलचं कार्ड असेल तर बहुधा प्रश्न येत नाही, ब्रॉडकॉमचं असेल तर सावध. मग चार्जर काढा, बॅटरीचे टक्के कागदावर लिहा, झाकण मिटा आणि चहाला जा. अर्ध्या तासाने परत या. एखादा टक्का उतरला असेल तर ठीक. पाच-सात उतरले, किंवा तळ कोमट लागला, तर तो लॅपटॉप तिथेच ठेवा.

जुना घेणाऱ्यांसाठी सध्या काळ चांगला आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या जवळजवळ सगळ्या मशिनांना नाकारतं. त्यामुळे कचेऱ्यांतून धडधाकट लॅपटॉप बाहेर पडताहेत. लेनोवोचा थिंकपॅड एक्स २७० बघा, २०१७ चा आहे. रॅम बदलता येते, बाहेरची बॅटरी एका झटक्यात निघते. पुढच्याच वर्षीच्या एक्स २८० मध्ये रॅम बोर्डावर डाखलेली, म्हणजे ८ जीबीचा घेतलात तर जन्मभर ८ जीबी. जुन्यात आणखी दोन गोष्टी बघा. बायोसला, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, कुणाचा पासवर्ड राहिलेला नाही ना, आणि बॅटरीची मूळ क्षमता किती, आता किती उरली. हे दोन्ही आकडे त्याच पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्ये दिसतात.

पडद्याबद्दल एक. १३६६ बाय ७६८ चा पडदा देवनागरी वाचणाऱ्याने घेऊ नये. इंग्रजी अक्षर त्यावर निभावतं, पण आपल्याला वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. ‘ट्ठ’ आणि ‘द्ध’ यांचा काळा ठिपका होतो. मुद्रितं तपासणाऱ्याचे डोळे संध्याकाळी दुखतात ते यामुळेही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटं उरली. मांडणी राहिलीच, भराभर सांगतो.

नवशिक्यांनी मिंट घ्या. रॅम कमी असेल तर त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. डेबियन ही लिनक्सची दुसरी आवृत्तीही आता सोपी झालीय, जून २०२३ च्या डेबियन १२ पासून वायफायच्या कार्डाला चालायला लागणारा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, इन्स्टॉलरमध्येच येतो. वायफाय चाललंच नाही तर फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं, चालू करा, तेवढ्यापुरतं नेट मिळतं. लावतानाच डिस्क एन्क्रिप्ट करण्याची, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येऊ नये अशी करण्याची, खूण करा. हलका लॅपटॉप हरवतोही सहज, आणि नंतर हे करायचं म्हणजे बहुतेकदा सगळं पुसून पुन्हा लावणं. बहुतेक वेळ चार्जरवरच असाल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवा. थिंकपॅडवर टीएलपी नावाच्या प्रोग्रॅमने ते होतं. सिस्टिम आधीच्या स्थितीत परत नेणारं टाइमशिफ्ट चालू ठेवा, पण ते सिस्टिम सांभाळतं, तुमची कागदपत्रं नाही. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच.

मराठी. आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज लावा, इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा कीबोर्ड आणि इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावर चालणारा फोनेटिक, दोन्ही मिळतात. माझं मत विचाराल तर इनस्क्रिप्ट शिका. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, महिन्याभरात बोटं चालायला लागतात. ‘दुसऱ्या’ लिहिता येत नाही अशी तक्रार नेहमी ऐकतो. येतं की! शिफ्ट धरून र ची कळ, मग हलन्त, मग य. लिबरऑफिस या लेखनाच्या मोफत प्रोग्रॅमात भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडा, हिंदी ठेवू नका. ती सोय असलेल्या फॉन्टांत ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात, आणि वाचताना तो फरक डोळ्यांना लगेच कळतो.

छपाईच्या मांडणीसाठी, म्हणजे डीटीपीसाठी, वापरलेल्या जुन्या फॉन्टांतल्या फायलींबद्दल दोघांनी आधीच विचारलंय. त्या लिनक्समुळे बिघडलेल्या नाहीत. तो फॉन्ट नसेल तर कुठल्याही मशीनवर त्या इंग्रजी अक्षरांचा गोंधळच दाखवतात, त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्याव्या लागतात. बदलण्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा आणि बदलल्यावर रफार नि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात. पेनड्राइव्ह आणलेल्यांनी डावीकडच्या टेबलापाशी या, मिंट भरून देतो. आत काही हवं असेल तर आधी काढून घ्या, सगळं पुसलं जाईल.