ओके म्हणजे नेमकं काय?

नमस्कार श्रोतेहो.

इंग्रजीतून आपल्याकडे आलेल्या शब्दांत 'ओके'इतका घरोघरी रुळलेला शब्द क्वचितच सापडेल. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा नातवाला फोनवर सांगते, "ओके, ठेवते बरं का." २०२२ च्या जूनमध्ये सांगोल्याच्या आमदारांचं गुवाहाटीहून झालेलं फोनवरचं बोलणं राज्यभर गाजलं, तेव्हा तर या शब्दाला माणदेशी ठसका मिळाला आणि त्याचं 'ओक्के' झालं. मला हे रूप फार आवडतं. शब्द खऱ्या अर्थानं आपला झाला, की तो आपल्या उच्चारानं बोलू लागतो.

आता त्याची कामं बघा. "सहाला स्टँडवर ये." "ओके." म्हणजे येतो. "पिक्चर कसा होता?" "ओके होता." म्हणजे पैसे अगदीच वाया गेले नाहीत, पण तुम्ही नाही बघितलात तरी चालेल. साहेब फाईल ओके करतात, तिथे ती मंजुरी असते. सायकलवरून पडलेल्या मुलाला आपण "ओके आहेस ना?" विचारतो, तिथे काळजी असते. "ओके, आता पुढचं गणित," असं बाई वर्गात म्हणतात, तेव्हा त्या फक्त पान उलटत असतात. आणि फोनवर समोरचा भरभर सांगत असताना आपण मध्येमध्ये "ओके… ओके…" म्हणत राहतो, त्याचा अर्थ एवढाच, की माझं लक्ष आहे, तुम्ही बोला.

आपलं 'बरं' जवळपास हीच सगळी कामं करतं. म्हणूनच ओके इथे आल्यावर त्याला जागा शोधावी लागली नसावी.

हा शब्द जन्मला अमेरिकेत. तो छापलेला पहिल्यांदा दिसतो २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये. त्या काळी तिथल्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची टूम होती. 'ऑल करेक्ट', म्हणजे सगळं बरोबर, यातल्या ए-च्या जागी ओ आणि सी-च्या जागी के घातला, आणि झालं ओके. अशी बरीच लघुरूपं तेव्हा निघाली आणि विरून गेली. हे टिकलं ते १८४० च्या निवडणुकीमुळे. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे. 'ओल्ड किंडरहूक' हे त्यांचं टोपणनाव, त्याचीही आद्याक्षरं ओ आणि के. समर्थकांनी ओके नावाचे क्लब काढले. व्हॅन ब्युरेन हरले, पण शब्द सगळ्या देशाच्या तोंडी बसला. ही सगळी संगती लावली कोलंबिया विद्यापीठाच्या ॲलन वॉकर रीड यांनी, जुनी वर्तमानपत्रं चाळून, तीही १९६० च्या दशकात. तोवर या शब्दाच्या जन्माच्या नाना कहाण्या प्रचलित होत्या, आजही ऐकू येतात.

पुढे तारयंत्र आलं. रेल्वेच्या तारबाबूंना 'संदेश मिळाला' हे कळवायला दोन अक्षरं पुरायची. तिथे ओके म्हणजे पोहोच. माझ्या मते खरी गुंतागुंत इथूनच सुरू होते. पोहोच आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ओके दोन्हींसाठी वापरला जातो.

याची किती मोठी किंमत मोजावी लागू शकते, ते २७ मार्च १९७७ रोजी कळलं. स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर त्या दिवशी दाट धुकं होतं. धावपट्टीवर दोन जंबो विमानं होती, एक केएलएम या कंपनीचं, दुसरं पॅन ॲम या कंपनीचं. केएलएमच्या वैमानिकानं नियंत्रकाला कळवलं, की आम्ही आता उड्डाणावर आहोत. नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. तो म्हणाला, "ओके." क्षणभर थांबून पुढे म्हणाला, "उड्डाणासाठी थांबा, मी सांगतो." नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिकही रेडिओवर बोलू लागला. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टी वाजली. त्यांना स्वच्छ ऐकू आलं ते फक्त 'ओके'. विमान आधीच धावू लागलं होतं. ते थांबलं नाही, पॅन ॲमच्या विमानावर जाऊन आदळलं. ५८३ माणसं गेली.

कारणं अनेक होती: धुकं, खोळंबा, घाई. पण त्यानंतर विमानांच्या रेडिओवरच्या बोलीचे नियम कडक झाले. 'टेकऑफ' हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. आणि अशा सूचनेला नुसतं ओके म्हणून भागत नाही. ऐकलेली सूचना वैमानिकानं शब्दशः परत म्हणून दाखवायची. नियंत्रक ती कान देऊन ऐकतो, चुकली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करतो.

ही पद्धत आपल्या घरातही यावी, असं मला मनापासून वाटतं. औषधाच्या दुकानात काउंटरवर गर्दी असते. दुकानदार पाकिटावर खूण करत सांगतो, "ही सकाळी अर्धी, ही रात्री जेवणानंतर, आणि ही फक्त ताप आला तर." समोरचे आजोबा मान हलवून "ओके" म्हणतात. त्या ओकेचा अर्थ कित्येकदा 'समजलं' असा नसतो, तर 'मागे रांग आहे, मी निघतो' असा असतो. तेव्हा दुकानदारानं एवढंच विचारावं, "आजोबा, सांगा बघू, अर्धी गोळी कुठली?" दुकानदारानं नाही विचारलं, तर सोबतच्या लेकीनं, सुनेनं किंवा नातवानं विचारावं. आजोबा पाकिटं हातात घेऊन एकेक गोळी दाखवत सांगतील. त्यात चूक निघाली, तर ती काउंटरवरच निघेल.

नमस्कार.