हजार लिटर पाणी, दीड युनिट वीज

मंडळी, मुंबईजवळच्या घारापुरीत ग्रीडची वीज पोचायला 2018 साल उजाडलं. समुद्राखालून केबल टाकली आणि गाव किनाऱ्यावरच्या ग्रीडला जोडलं गेलं. केबल पोचली की साठवणुकीची चिंता किनाऱ्यावरच्यांची. एल हिएरोला ती सोय नाही. अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांपैकी हे स्पेनचं एक छोटं बेट, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. तिथली वीज वर्षानुवर्षं बोटीनं आणलेल्या डिझेलवरच चालायची.

2014 साली तिथे ‘गोरोना देल विएंतो’ प्रकल्प सुरू झाला. पाच पवनचक्क्या, मिळून 11.5 मेगावॉट. वारा जोरात असला की जादा विजेवर पंप चालवून खालच्या तलावातलं पाणी सुमारे 650 मीटर वर, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात चढवायचं. वारा पडला की तेच पाणी सोडून टर्बाइन फिरवायचं.

आता तुमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. तेवढं पाणी साडेसहाशे मीटर खाली आलं, तर घट वजा जाता हाती लागते साधारण दीड युनिट वीज. दीड टनाचा एसी ती तासाभरात संपवतो! एल हिएरोच्या खालच्या तलावात अशा दीड लाख टाक्या मावतात. वरचा तलाव याच्या दुपटीहून मोठा आहे, पण सोडलेलं पाणी खाली मावायला नको का? त्यामुळे खरा साठा ठरतो तो धाकट्या तलावावर. बेटाची जेमतेम दोन दिवसांची गरज, एवढाच.

दिवसांचा हिशेब झाला, पण मला जास्त मोलाची वाटते ती सेकंदांची गोष्ट. ग्रीडची वारंवारता, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती आवर्तनं पूर्ण करतो तो आकडा, 50 हर्ट्झवर धरून ठेवावी लागते; वीजनिर्मिती आणि वापर यांचा मेळ चुकला की ती ढळते. आपल्या अवाढव्य ग्रीडला एखादी झुळूक जाणवतसुद्धा नाही. बेटावर मात्र तेवढ्यानंही तोल जाऊ शकतो. म्हणून तिथे कित्येकदा पंप आणि टर्बाइन एकाच वेळी चालतात, एकीकडे पाणी चढतंय, दुसरीकडे उतरतंय. पाहणाऱ्याला ही उधळपट्टी वाटेल. पण फिरत्या टर्बाइनचं वजनच ग्रीडला स्थिर ठेवतं, आणि वाऱ्याचा चढउतार पंप कमीजास्त करून सोसता येतो. त्यात जाणारी वीज सत्कारणी लागते, असंच मी म्हणेन.

‘मग बॅटऱ्या बसवा की,’ असं लोक म्हणतात. सेकंदांच्या कामाला बॅटरी उत्तमच, पंपाहूनही चपळ. पण वारा आठवडाभर रुसला तर? तिथे बॅटरीही अपुरी आणि दोन दिवसांचा तलावही.

2019 च्या उन्हाळ्यात व्यापारी वारे जोरात होते, तेव्हा या बेटानं सलग 24 दिवस डिझेलचा थेंबही न जाळता वीज वापरली. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण 2018 चं अख्खं वर्ष धरलं तर वारा-पाण्याचा वाटा निम्म्याहून थोडाच जास्त भरतो. धाकटा तलाव भरला, वरून सोडलेल्या पाण्याला जागा उरली नाही आणि वारा अजून परतला नाही, की बेटावरच्या लानोस ब्लांकोस वीजकेंद्राची जुनी डिझेल इंजिनं पुन्हा सुरू करावी लागतात.