धाक आणि वजन

मित्रहो, 'दुसऱ्यांवर प्रभाव कसा मिळवावा' हा विषय मला दिला गेला, तेव्हा मी सर्वांत आधी आपल्या भाषेकडे पाहिलं. धाक, वचक, दरारा, दबदबा, हुकमत, वट, आब, वजन. एवढे शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांच्या जागी वापरत नाही. कडक मास्तरांचा धाक असतो. ते वर्गाबाहेर पडले की पोरं वर्ग डोक्यावर घेतात. घरातल्या एखाद्या मावशीच्या शब्दाला मात्र वजन असतं. ती समोर नसली तरी 'मावशीला हे पटेल का?' असं कुणीतरी विचारतंच. माझ्या मते या विषयाचा सगळा गाभा या फरकात आहे. धाक आपण उभे असेपर्यंत टिकतो, वजन आपण उठून गेल्यावरही मागे राहतं.

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी काही प्रयोग सुरू केले. अंगात प्रयोगशाळेचा कोट घातलेला माणूस एका साध्या नागरिकाला सांगतो, की पलीकडच्या खोलीतला 'विद्यार्थी' चुकला की त्याला विजेचा झटका द्या, आणि दर चुकीला झटका वाढवत न्या. झटके खोटे होते, विद्यार्थी नाटक करत होता, पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. पहिल्या प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्याच प्रयोगाचा एक प्रकार मात्र फारसा सांगितला जात नाही. त्यात कोटवाला माणूस खोलीतून निघून गेला आणि फोनवरून हुकूम देऊ लागला. शेवटपर्यंत जाणाऱ्यांचं प्रमाण सुमारे वीस टक्क्यांवर आलं. काही जण तर फोनवर 'हो, वाढवतोय' म्हणत होते आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी झटका देत होते. ज्यांना धाकावर माणसं चालवायची आहेत त्यांनी या फोनचा विचार करावा. आपल्यापर्यंत येणारं 'हो साहेब' हे असं असू शकतं, आणि ते तसं आहे हे आपल्याला कधीच कळत नाही.

मग वजन येतं कुठून? समाजशास्त्रज्ञ रिचर्ड इमर्सन यांनी १९६२ साली एक अगदी साधा विचार मांडला. माझी तुमच्यावर जेवढी सत्ता, तेवढे तुम्ही माझ्यावर अवलंबून. आणि तुम्ही किती अवलंबून आहात हे दोन गोष्टींवर ठरतं: माझ्याकडे जे आहे ते तुम्हाला किती हवंय, आणि ते तुम्हाला दुसरीकडे मिळतं का. म्हणजे सत्ता माझ्या अंगात नसते, स्वभावात नसते, खुर्चीतही नसते. ती दोन माणसांच्या मधल्या जागेत असते. भारदस्त आवाज, ताठ मान, रोखलेली नजर यांचे धडे देणारे पुष्कळ आहेत, पण समोरच्याला आपल्याकडून काहीच नको असेल तर त्या नजरेला कोण विचारतो?

याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण फ्रान्समधलं आहे. मिशेल क्रोझिए या अभ्यासकाने तिथल्या सरकारी तंबाखू कारखान्यांचा अभ्यास केला. तिथे सगळं नियमाने बांधलेलं होतं. कोण कुठे बसणार, बढती कशी मिळणार, किती माल निघणार, सगळं ठरलेलं. संचालकालाही फारसं काही बदलता येत नसे. एकच गोष्ट नियमात बसत नव्हती, ती म्हणजे यंत्र बंद पडणं. ते कधी बंद पडेल आणि किती वेळात सुरू होईल, हे फक्त दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या हातात होतं. कागदावर ते कुणाचेही साहेब नव्हते, तरी उत्पादन विभागातले कामगार त्यांना सांभाळून घेत आणि वरिष्ठ त्यांना दुखवायला धजत नसत. आपली ही जागा कारागिरांनी कशी राखली, तेही पाहा. यंत्रांचे आराखडे आणि दुरुस्तीच्या सूचना कारखान्यातून नाहीशा झाल्या होत्या. नवा कारागीर आला की त्याला सगळं तोंडी शिकवायचं, कागदावर काही ठेवायचं नाही. जिथे अनिश्चितता असते तिथे सत्ता गोळा होते, असा क्रोझिए यांचा निष्कर्ष होता, आणि तो मला पूर्ण पटतो. तुमच्या कामाच्या जागी सगळे कशाला घाबरून असतात ते शोधा. ऐनवेळी काय बिघडतं, कुणाचं उत्तर वेळेवर येत नाही, कुठल्या तारखेला सगळ्यांची झोप उडते? ते निस्तरायला शिका, वजन तिथे आहे.

पण आराखडे लपवू नका. हे मी अनुभवाने सांगतो आहे. माझ्या पहिल्या नोकरीत महिन्याअखेरचा एक किचकट ताळेबंद फक्त मला जमत असे, आणि तो कसा करायचा हे मी मुद्दामच कुठे लिहून ठेवलं नव्हतं. मोठमोठे अधिकारी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहत आणि मला ते आवडत असे. माझ्या हाताखाली एक मुलगा आला, त्याला मी निम्मंच शिकवलं. मी आजारी पडलो त्या महिन्यात त्याच्या हातून चूक झाली आणि बोलणी त्याने खाल्ली. मी पुढे येऊन 'चूक माझी आहे' असं म्हणालो नाही. पुढे वरची जागा रिकामी झाली, तेव्हा मला उत्तर मिळालं, 'तुम्हाला हलवलं तर हे कोण बघणार?' मी स्वतःला जिथे अपरिहार्य केलं होतं, तिथेच खिळून राहिलो. ते दुःख कधीच ओसरलं. त्या मुलाचा चेहरा मात्र अजून डोळ्यांसमोर येतो.

तेव्हापासून मी एक पाळतो. जे शिकवता येतं ते सगळं शिकवून टाकायचं. त्यानंतरही लोक विचारायला येतात का ते पाहायचं. येत असतील तर ते तुमच्या पारखीसाठी येतात आणि ते वजन खरं. ज्यांना तुम्ही शिकवलं ते दहा ठिकाणी जातात आणि तुमचं नाव सोबत नेतात, हा त्यातला लाभ मला फार उशिरा कळला.

आता कंटाळवाणी कामं मागून घेण्याबद्दल. इथे मी जाणूनबुजून एका क्रूर माणसाचं उदाहरण देणार आहे, कारण ही युक्ती वाईट हातात काय करते तेही दिसलं पाहिजे. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला. ते पद तेव्हा कारकुनी समजलं जाई: नेमणुका, बदल्या, बैठकीची कागदपत्रं. त्याचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की फर्डा वक्ता होता, लाल सेना त्याने उभी केली होती. फायलींत डोकं घालणं त्याला कमीपणाचं वाटे. पण प्रांतोप्रांतीचे चिटणीस कोण नेमतो आणि अधिवेशनाला प्रतिनिधी कोण पाठवतो, याच्यावर मतदान ठरत होतं. स्टालिनच्या हाती अमर्याद सत्ता एकवटली आहे, असा इशारा पक्षाचा नेता लेनिन याने त्याच वर्षी डिसेंबरात सांगून लिहवून घेतला, पण तोवर उशीर झाला होता. १९२७ मध्ये ट्रॉट्स्की पक्षाबाहेर आणि १९२९ मध्ये देशाबाहेर गेला. पुढे काय झालं ते साऱ्या जगाने भोगलं.

यातून तुम्ही दोन गोष्टी घ्या. संस्थेत बैठकीची विषयपत्रिका कोण लिहितं, इतिवृत्त कोण ठेवतं, नव्या माणसाची पहिली भेट कोण घेतं, ही कामं कुणालाच नको असतात. ती मागून घ्या. आणि ती दुसऱ्या कुणी मागून घेतली असतील तर झोपून राहू नका.

बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात एक नवा सदस्य त्याच्या विरोधात उभा राहिला. फ्रँकलिनने त्याची मनधरणी केली नाही. त्याच्या संग्रहातलं एक दुर्मीळ पुस्तक काही दिवसांसाठी मागितलं, आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं. पुढच्या भेटीत तो माणूस आपण होऊन बोलला आणि दोघांचा स्नेह आयुष्यभर टिकला. उपकार करून माणूस आपला होतो असं आपल्याला वाटतं, पण उपकाराचं ओझं होतं. विचारणं हा मान आहे. मात्र जे मागाल त्याची खरोखर गरज असू द्या. बनाव माणसाला चटकन कळतो.

आणि मागताना कारण द्या, खरं द्या. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला झेरॉक्स यंत्राच्या रांगेतला प्रयोग हल्ली फार चुकीचा सांगितला जातो. पाचच पानं काढायची होती तेव्हा कारण न देता विचारल्यावर ६० टक्के लोकांनी पुढे जाऊ दिलं, आणि 'कारण मला प्रती काढायच्या आहेत' एवढं पोकळ कारण जोडल्यावरही ९३ टक्क्यांनी. यावरून 'कारण' हा शब्दच जादूचा आहे असं सांगितलं जातं. पण वीस पानांची मागणी केली तेव्हा पोकळ कारणाने काहीही फरक पडला नाही, दोन्हीकडे २४ टक्केच. खऱ्या कारणाने प्रमाण ४२ वर गेलं. किरकोळ बाबतीत माणूस ऐकत नाही, होकार देऊन मोकळा होतो. स्वतःला झळ बसायची वेळ आली की तो तुमचा शब्द तोलून पाहतो.

शेवटी मला त्यांच्याशी बोलायचं आहे, जे इथे प्रभाव मिळवायला नव्हे तर कुणाच्या तरी प्रभावाखाली गुदमरून आले आहेत. तेही या सभागृहात असणार. इमर्सन यांनी दुबळ्या बाजूच्या वाटाही सांगून ठेवल्या आहेत. समोरच्याकडे जे आहे त्याची स्वतःची गरज कमी करा, ते दुसरीकडे मिळतं का शोधा, त्याला तुमच्याकडून काहीतरी हवंसं वाटेल असं करा, किंवा तुमच्यासारख्या इतरांशी हात मिळवा. पहिल्या तिघींना वेळ लागतो. चौथी उद्यापासून सुरू होते.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या प्रयोगात दाखवलेल्या रेषेएवढीच दुसरी रेषा कोणती, एवढंच सांगायचं होतं. खोलीतली बाकी सगळी माणसं ठरवून चुकीची रेषा सांगत, आणि अशा वेळी एकटा पडलेला माणूस सुमारे ३७ टक्के वेळा डोळ्यांना दिसणारं सत्य सोडून त्यांच्यामागे जात असे. त्या गर्दीत खरं बोलणारा फक्त एक जोडीदार दिला, तर हे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास येई. मिलग्रॅम यांनीही असंच करून पाहिलं. बटणं असलेल्या टेबलाशी आणखी दोघं बसवले आणि त्यांना मध्येच उठायला सांगितलं. कोटवाला तोच होता, हुकूम तेच होते. या वेळी ४० पैकी फक्त चौघं शेवटच्या बटणापर्यंत गेले.

तेव्हा पुढच्या बैठकीत तुम्हाला 'हे चुकीचं आहे' असं म्हणायचं असेल, तर आदल्या दिवशी कुणातरी एकाशी बोलून ठेवा. एक पुरे. त्याला एवढंच विचारा, 'मलाच असं दिसतंय, की तुलाही?'