सलाईनचं छोटं चाक: 'स्लो आयव्ही' म्हणजे नेमकं किती स्लो?

[मागे सलाईन स्टँड, खाली बादली. टेबलावर सिरिंज, दोन आयव्ही सेट, सेकंदकाट्याचं घड्याळ.]

नमस्कार. बोलायला लागण्याआधी एक काम उरकून घेते. ही अर्ध्या लिटरची सलाईनची बाटली. हिला मोठ्यांचा साधा सेट लावलाय. नळीच्या टोकाला पेशंट नाही, बादली आहे, त्यामुळे घाबरू नका. आता मी नळीवरचं हे चाक फिरवून मिनिटाला ४२ थेंब लावते. थांबा, घड्याळ बघू दे... चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. झालं. व्हिडिओ संपेपर्यंत मी या चाकाला हात लावणार नाही. तुम्हीही लक्ष ठेवा माझ्यावर.

मी बरीच वर्षं वॉर्डात स्टाफ नर्स होते. आता नव्याने लागलेल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींना ट्रेनिंग देते. पहिल्या दिवशी मी विचारते, "औषध देताना काय काय तपासाल?" सगळा वर्ग एका सुरात सुरू होतो: राइट पेशंट, राइट ड्रग, राइट डोस, राइट रूट, राइट टाइम. बे एके बे, बे दुणे चार. कॉलेजात घोटून घेतलेलं असतं आणि ते घोटलंच पाहिजे. पुढे कुणी त्या पाचांचे सात केले, कुणी दहा. पण मूळच्या पाचांत एक गोष्ट नाहीच. वेग.

गोळीला वेग नसतो. ती पोटात जाते, विरघळते, तिच्या तिच्या चालीने रक्तात येते. शिरेतलं औषध तसं नाही. ते किती जोरात जाणार हे तुमचा अंगठा ठरवतो, नाहीतर हे चाक.

हे माझं नुसतं मत नाही. ऑस्ट्रेलियात जोहाना वेस्टब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन रुग्णालयांत नर्सच्या शेजारी उभं राहून निरीक्षण केलं. २०११ साली ते छापून आलं. शिरेतून औषध देण्याचे ५६८ प्रसंग पाहिले, त्यातल्या जवळजवळ ७० टक्के प्रसंगांत काही ना काही चूक सापडली. बऱ्याचशा किरकोळ होत्या. गंभीर चुका निघाल्या १०१, आणि त्यातल्या ९५ एकाच प्रकारच्या. चुकीचा वेग! पेशंट बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर. पाढा सगळा बरोबर.

आता केस पेपर उघडा. तिथे काय लिहिलेलं असतं? "स्लो आयव्ही", म्हणजे शिरेतून हळू द्या. स्लो म्हणजे किती? डॉक्टरांनी लिहिलं नाही, आपण विचारलं नाही. मी वर्गात दहा मिली पाणी भरलेली सिरिंज हातात देते आणि सांगते, हे पाच मिनिटांत द्या, घड्याळ बघायचं नाही. बहुतेकांचं दीड-दोन मिनिटांतच संपतं. मग घड्याळ लावून पुन्हा करायला लावते. अर्ध्या मिनिटाला एक मिली. तेव्हा कळतं की पाच मिनिटं हा किती लांबलचक काळ असतो. अंगठा अवघडतो, लक्ष भरकटतं, आणि नेमकं तेव्हा मागून कुणीतरी हाक मारतं, "सिस्टर, बारा नंबरची बाटली संपली!" मग काय होतं, तुम्हाला माहीत आहे. उरलेले चार मिली चार सेकंदांत आत.

या हाकेचाही हिशोब झालेला आहे. वेस्टब्रुक यांच्याच गटाने २०१० मध्ये दाखवलं की औषध देताना नर्सला मध्येच कुणी टोकलं, की दर वेळी चुकीची शक्यता साधारण १२ टक्क्यांनी वाढते. मी माझ्या वर्गातल्या मुलींना सांगते, हातात सिरिंज असताना हाक आली तर मान वळवायची नाही, नुसतं म्हणायचं, "औषध देतेय, आले." सुरुवातीला मावशी, मामा, नातेवाईक सगळे म्हणतात की ही नवी सिस्टर फार शिष्ट आहे. म्हणू देत.

बरं, 'हळू द्या' हे सगळ्याच औषधांना लागू आहे का? नाही, आणि म्हणूनच पाठांतर पुरत नाही. फिटसाठीचं फेनिटॉइन घ्या. मोठ्या माणसात मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. म्हणजे एक ग्रॅम द्यायचं तर कमीत कमी २० मिनिटं. घाई केली तर बीपी पडतं, हृदयाची लय बिघडते. आणि ते फक्त नॉर्मल सलाईनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्ये, मिसळलं की त्याचे कण तयार होतात. व्हॅन्कोमायसिन एक ग्रॅम असेल तर किमान एक तास. त्याआधी संपवलं तर पेशंटचं तोंड, मान, छाती लालबुंद होते, खाज सुटते. मग फाइलवर 'ॲलर्जी' असा शिक्का बसतो. बिचाऱ्या औषधाचा दोष नसतो, आपल्या चाकाचा असतो.

आणि दुसऱ्या टोकाला ॲडिनोसिन. हृदय भलतंच जोरात धावायला लागतं तेव्हा देतात ते. रक्तात त्याचं आयुष्य दहा सेकंदांपेक्षाही कमी. इथे तुम्ही हळू दिलंत तर औषध हृदयापर्यंत पोचायच्या आतच संपून जातं. तिथे एका झटक्यात पुश, आणि लगेच मागून २० मिलीचा फ्लश, म्हणजे नळीतलं औषध पुढे ढकलणारी साधी सलाईन. म्हणजे तीच नर्स, तीच शीर, तीच सिरिंज. एका औषधाला वीस मिनिटं, दुसऱ्याला दोन सेकंद.

[सिरिंज उचलून, तीन तोंडी नळ आणि जोडनळी दाखवत]

आता एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला कामाला लागल्यावर कितीतरी उशिरा कळली. समजा, तुम्ही औषध अगदी शहाण्यासारखं पाच मिनिटांत दिलंत. सिरिंज रिकामी झाली. सगळं औषध पेशंटच्या अंगात गेलं का? नाही. थोडं इथे, या थ्री-वेमध्ये आणि या जोडनळीत बसून आहे. मग तुम्ही फ्लश घेता आणि 'चला झालं एकदाचं' म्हणून फस्सकन मारता. नळीत बसलेलं ते औषध एका क्षणात आत. पाच मिनिटांची मेहनत शेवटच्या दोन सेकंदांत घालवली. त्यामुळे पहिला फ्लश औषधाच्याच वेगाने द्यायचा. लहान मुलांत तर याला फारच महत्त्व आहे, कारण त्यांचा डोसच एखाद-दोन मिलीचा असतो. अर्धा डोस नळीतच राहतो म्हणा ना.

पोटॅशियम क्लोराइडबद्दल बोललंच पाहिजे. दहा मिलीच्या या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. हे थेट शिरेत पुश केलं तर हृदय थांबतं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी जगभर अशा घटना घडल्या, कारण अँप्युल दिसायला बाकीच्या दोन-चार अँप्युलसारखीच. म्हणून बऱ्याच रुग्णालयांत ती आता वॉर्डच्या साध्या ट्रेमध्ये ठेवूच देत नाहीत. ते योग्यच आहे. पण मला ज्या चुकीची धास्ती वाटते ती वेगळी. बाटली टांगलेली आहे, थेंब पडतायत, आणि त्याच बाटलीत वरून पोटॅशियम टोचलं. ते सलाईनपेक्षा जड. न ढवळता सोडलं तर खाली, तोंडापाशी जाऊन बसतं. मग पेशंटला पहिल्यांदा काय मिळतं? जवळजवळ निव्वळ पोटॅशियम. बाटली खाली काढायची, पोटॅशियम घालायचं, आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, लेबल लावायचं, मग टांगायची. साध्या वॉर्डात, हातातल्या शिरेतून, तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नाही. एका अँप्युलची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे कमीत कमी दोन तास.

आता थेंबांचं गणित. फार घाबरतात मुली या गणिताला, उगाचच. एकूण मिली, गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिली चार तासांत द्यायचंय, सेट मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००. भागिले २४० मिनिटं. आले ४१ पूर्णांक काहीतरी, म्हणजे ४२. मघाशी मी लावले तेवढेच.

गणित सोपं आहे, खड्डा आहे 'सेटचे थेंब' या दोन शब्दांत. मोठ्यांचे सेट २० थेंबांचे असतात तसे १५ थेंबांचेही मिळतात. पाकिटावर छापलेलं असतं आणि पाकीट आपण पहिल्यांदा कचऱ्यात टाकतो. मायक्रो, म्हणजे बारीक थेंबांचा सेट, मिलीला ६० थेंबांचा. त्यात एक सोय आहे: तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. लहान मुलाला तासाला ४२ मिली लिहिलंय, मायक्रो सेटवर ४२ थेंब लावा, संपलं. पण रात्री मायक्रो सेट संपलाय म्हणून कुणी मोठ्यांचा सेट लावला, आणि ओव्हर घेणाऱ्या, म्हणजे पुढच्या पाळीचा चार्ज घेणाऱ्या सिस्टरने 'बेचाळीस थेंब' एवढंच ऐकलं, तर? थेंब तेवढेच, पाणी तिप्पट. तासाला १२६ मिली. म्हणून ओव्हर देताना नुसते थेंब सांगायचे नाहीत. सेट कुठला, तासाला किती मिली आणि बाटली किती वाजता संपायला हवी, हे तिन्ही सांगायचं. बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावून तिच्यावर तासांच्या खुणा करा. पंप, म्हणजे ठरवलेल्या वेगाने औषध सोडणारं यंत्र, असलेला वॉर्ड असो की नसलेला, ही दोन रुपयांची पट्टी लांबूनही दिसते.

पंप आला की प्रश्न सुटला, असं म्हणणारे भेटतात. कॅनडातल्या एडमंटन शहरातली २००६ सालची घटना सांगते. एका बाईंना कॅन्सरचं औषध, फ्लुरोयुरासिल, पंपाने चार दिवस हळूहळू जायचं होतं. लेबलवर दोन आकडे होते. दिवसाला २८.८ मिली आणि तासाला १.२ मिली. पंपात तासाच्या जागी २८.८ भरला गेला. चोवीसने भागायचं राहिलं. चार दिवसांचं औषध चार तासांत गेलं आणि पुढे त्या बाई दगावल्या. आणि ऐका, तो आकडा दोन नर्सनी तपासला होता. दोघीही अनुभवी.

मग डबल चेक करून उपयोग काय? आपल्याकडे डबल चेक कसा होतो ते आठवा. "अगं, अट्ठावीस पूर्णांक आठच ना?" "हो हो, बरोबर." हा चेक नाही, ही मान डोलावणी आहे. उत्तर आधी सांगितलं की समोरचीला तेच दिसतं. खरा डबल चेक म्हणजे दुसरीने केस पेपरपासून सुरुवात करायची, पहिलीकडे पाठ फिरवून, स्वतःच्या कागदावर, आणि शेवटी दोघींनी उत्तरं एकमेकींना दाखवायची. मी वर्गात मुद्दाम चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने सांगते आणि किती जणी "बरोबर मॅडम" म्हणतात ते मोजते. मॅडम म्हणतायत म्हणजे बरोबरच असणार! ट्रेनिंगमध्ये सगळ्यात अवघड हेच आहे. सीनियर सिस्टरला किंवा डॉक्टरांना "सर, स्लो म्हणजे किती मिनिटांत?" हे विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि तेही आधी वर्गात उघडायला लावावं लागतं, मोठ्याने, दहा वेळा.

नातेवाइकांचं राहिलं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षात, रात्रपाळीला, एक आजोबा होते, हृदय आधीच थकलेलं. त्यांच्या मुलाला सकाळची एसटी गाठायची होती. बाटली संपली की सोडतील, या हिशोबाने त्याने चाक पूर्ण उघडलं. दोनच्या सुमाराला आजोबांना धाप लागली, छातीत पाणी झालं. डॉक्टर जवळच होते, लघवीचं इंजेक्शन, ऑक्सिजन, निभावलं. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "ताई, पाणीच तर आहे ना त्यात?" त्याला मी सांगितलंच नव्हतं की या चाकाला हात लावू नका. आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद, त्यामुळे लवकर गेली तर लवकर ताकद, इतकं सरळ गणित असतं लोकांचं. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये साखर असते २५ ग्रॅम. चार-पाच चहांची. हे सांगितलं की लोक हसतात, आणि चाक सोडून देतात.

शीर सुजलीय का, कॅन्युला दुखतोय का, 'आउट' झालाय का, हब पुसला का, हे सगळं तितकंच महत्त्वाचं, पण त्याला वेगळा व्हिडिओ लागेल. इन्सुलिनच्या लाल आणि केशरी टोपणांच्या सिरिंजचा घोळ तर स्वतंत्रच.

हं. आता बघू आपली बाटली.

[घड्याळ ड्रिप चेंबरशेजारी धरून]

मी हात लावलेला नाही, तुम्ही साक्षीदार. मोजा माझ्याबरोबर. एक, दोन, तीन... पूर्ण मिनिट मोजायचं हं, पंधरा सेकंदांवर भागवायचं नाही... चौतीस, पस्तीस, छत्तीस. छत्तीस! सुरुवातीला ४२ होते. चाकाखाली दाबलेली प्लॅस्टिकची नळी हळूहळू आकार बदलते, बाटलीतली पातळीही खाली येते. आणि इथे तर बादली होती. माणूस असता तर त्याने कूस बदलली असती, कोपर दुमडलं असतं, उठून बसला असता.

पुन्हा ४२ वर आणते. पंधरा मिनिटांनी परत मोजेन.