लेकरांना मैफिलीला आणा

मंडळी, आपल्याकडं लेकरानं गाण्याला कसं बसावं हे कुणी शिकवत नाही. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की रात्रीच्या कीर्तनाला आई, आजी, शेजारची काकू आणि त्यांच्या मांडीवरची लेकरं, सगळी मंडपात. पखवाजावर थाप पडली की जागी होतात, निरूपण लांबलं की सतरंजीवर आडवी होतात, नामाचा गजर सुरू झाला की टाळ मागतात. लेकरू बाहेर न्या, असं म्हणणारे महाराज मी तरी पाहिले नाहीत. पण त्याच घरातली सून शहरात आली आणि शास्त्रीय मैफिलीचं नाव काढलं, की म्हणते, "नको बाई, हा गोंधळ घालील."

तिची भीती खोटी नाही. एका मैफिलीत दोन वर्षांची मुलगी थोडी किरकिरली, तर संयोजकांपैकी एकानं भर सभागृहात तिच्या आईला उठवलं. अंधारात मान खाली घालून ती बाई चपला शोधत होती. मी मागच्याच रांगेत होतो. उठून दोन शब्द बोललो नाही, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, कडेची खुर्ची धरा. रडू आलं तर शांतपणे उठा, थांबलं की दोन चिजांच्या, म्हणजे बंदिशींच्या, मधे परत या. अर्धा तास ऐकून घरी गेलात तरी गाणं झालं. खायला दशमी द्या, कुरकुर वाजणारी पाकिटं नकोत. आणि झोपलं तर झोपू द्या, गाणाऱ्याचा त्यात काही अपमान नाही.

मला खरी काळजी आहे ती स्पीकरची. आजकाल कीर्तनाच्या मंडपातही छाती हादरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं लहान मुलांनी आठवड्याला 40 तास ऐकायचं, तर आवाज 75 डेसिबलपर्यंतच असावा. दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे 90 डेसिबलला आठवड्याभरात उरतो जेमतेम सव्वा तास! कापसाच्या बोळ्यानं फारसं काही साधत नाही. कानावर बसणारे मफ मिळतात, ते घ्या, आणि स्पीकरपासून लांब बसा. संभाजीनगरला सोनेरी महालात वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो, तिथं मोकळ्यावर मागं बसलं तरी गाणं छान पोचतं. बिनमाईकची घरगुती बैठक मिळाली तर मात्र लेकराला अगदी पुढं बसवा.

कारण लेकरू आधी डोळ्यांनी ऐकतं. अंबाजोगाईला दर नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह असतो. एका वर्षी सहा वर्षांच्या भाचीला घेऊन गेलो होतो. तंबोरे जुळत होते. शेजारचे आजोबा म्हणाले, "जवारी छान लागली." भाची माझ्या कानाशी आली, "मामा, भाकरीची जवारी?" मी तिला बोटानं तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, दाखवली. तिथं तारेखाली दोरा असतो, तो केसभर सरकवला की कोरडी तार गुंजायला लागते, तीच जवारी. मग तिची नजर तबल्यावर गेली. तबलजी हातोडीनं वादीखालचा लाकडी गठ्ठा ठोकत होते, मधेच गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या काठावर, हलका टोला देत होते, पुडीच्या कडेला चाटेवर बोट वाजवून कान लावत होते. "तो अजून बरोबर नाही ना?" ती म्हणाली. आणि खरंच, तबला अजून सुराच्या खाली, उतरलेलाच होता.

विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या एकतालाच्या बारा मात्रा तिला पेलल्या नाहीत. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, जलद लयीतलं द्रुत सुरू झाल्यावर उठून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर जेवणाच्या डब्यावर तिनं रबर ताणलेलं, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा त्याखाली घातलेला. एका हातानं दोरा सरकवत, दुसऱ्यानं रबर छेडत, डब्याला कान लावून बसली होती.